‘संस्कृती’ नावाचं वाकडं अंगण : अ‍ॅजाइलवरच्या संशोधनाची एक चिकित्सा

पेट निघाली, मुलाखत तोंडावर आली, की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : विषय कोणता घेऊ? कॉम्प्युटर सायन्स, एमसीए किंवा मॅनेजमेंटकडून येणाऱ्यांना एक विषय पटकन सुचतो : ‘कंपनीच्या संस्कृतीचा अ‍ॅजाइल सॉफ्टवेअर विकासाच्या यशावर होणारा परिणाम’. विषय दिसायला देखणा आहे. वाचायला भरपूर पेपर मिळतात, प्रश्नावली तयार मिळते, पुण्यात नोकरीला असलेल्या मित्रांना गूगल फॉर्म पाठवला की दोनशे उत्तरंही जमतात. मग अडचण कुठे आहे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या विषयावरच्या बऱ्याच लेखनात ‘संस्कृती’ हा शब्द उत्तर म्हणून येतो. प्रोजेक्ट चाललं, तर संस्कृती चांगली होती. फसलं, तर संस्कृती आड आली. जो शब्द दोन्ही वेळेला उपयोगी पडतो, त्याने काहीच समजावलेलं नसतं. आपल्याकडची म्हण आठवा : नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगण खरंच वाकडं असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण ते वाकडं आहे हे सांगायला पाणसळ लावावी लागते. ती या संशोधनात कुणी कशी लावली, ते आज बघू.

आधी अ‍ॅजाइल थोडक्यात

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्यात चार मूल्यं होती आणि त्यांच्यामागे बारा तत्त्वं. सार असं की माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद, चालणारं सॉफ्टवेअर, ग्राहकाला सोबत घेऊन काम आणि बदलाला सामोरं जाणं, या गोष्टींना जास्त वजन द्या. प्रक्रिया, कागदपत्रं, करार आणि आराखडे असूद्यात, पण त्यांचं वजन कमी.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? काम दोन-तीन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचं, त्याला स्प्रिंट म्हणतात. रोज उभ्याउभ्या पंधरा मिनिटं बोलायचं, ते स्टँडअप. स्प्रिंट संपली की काय बरं झालं आणि काय बिनसलं यावर बसून बोलायचं, ते रेट्रो. शेतकरी जसा पीक बघून पुढची फवारणी ठरवतो, पेरणीच्या दिवशीच सगळ्या फवारण्यांच्या तारखा कागदावर लिहून ठेवत नाही, तसंच काहीसं.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. स्टँडअपमध्ये कुणीतरी ‘माझं काम अडलंय’ असं म्हटलं पाहिजे. स्प्रिंट ठरवताना कुणीतरी ‘एवढं दोन आठवड्यांत होत नाही’ असं म्हटलं पाहिजे. रेट्रोमध्ये कुणीतरी ‘मॅनेजरने मध्येच काम बदललं म्हणून घोळ झाला’ असं म्हटलं पाहिजे. म्हणजे अ‍ॅजाइल चालतं ते खरं बोलण्यावर. जिथे खरं बोलणं महागात पडतं तिथे ते चालणार नाही, हा तर्क सरळ आहे. त्यामुळे संस्कृतीवर संशय जाणं स्वाभाविकच. प्रश्न आहे तो पुराव्याचा.

दोन पेपर, दोन निकाल

तुम्ही या विषयावर वाचायला लागलात की दोन पेपर लगेच भेटतील. दोन्ही एकाच नियतकालिकात, ‘जर्नल ऑफ सिस्टिम्स अँड सॉफ्टवेअर’मध्ये, वर्षभराच्या अंतराने आलेले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पहिला २००८ चा, चाऊ आणि काओ यांचा. त्यांनी २५ देशांतल्या १०९ अ‍ॅजाइल प्रोजेक्टांची माहिती प्रश्नावलीतून गोळा केली. यशाचे चार भाग केले : दर्जा, कामाची व्याप्ती, वेळ आणि खर्च. यश कशामुळे येत असेल याचे बारा घटक ठरवले. बारा गुणिले चार, म्हणजे अठ्ठेचाळीस गृहीतकं. त्यांतली टिकली फक्त दहा. सर्वांत ठळक ठरले तीन घटक : सॉफ्टवेअर थोडं थोडं करून नियमित देण्याची पद्धत, अ‍ॅजाइलची तांत्रिक कौशल्यं आणि संघाची कुवत. वरिष्ठांचा भक्कम पाठिंबा निर्णायक ठरला नाही. ज्या ‘संघटनात्मक वातावरणा’त सहकार्याची संस्कृती मोजली होती, त्या घटकाचं एकही गृहीतक टिकलं नाही.

दुसरा २००९ चा, मिश्रा, कुमार आणि कुमार यांचा. त्यांच्याकडे २४१ उत्तरं होती. चौदा घटक तपासले, नऊ यशाशी जोडलेले निघाले. त्या नऊंमध्ये कंपनीची संस्कृती आहे. समाजाची संस्कृतीसुद्धा आहे.

आता काय करायचं? नवखा संशोधक इथे एक सोपी वाट धरतो. आपल्याला जे म्हणायचंय त्याला जुळणारा पेपर घ्यायचा, दुसरा ‘तथापि काही अभ्यासकांच्या मते’ असं म्हणून एका ओळीत उरकायचा. असं करू नका. दोन चांगल्या पेपरांचे निकाल एकमेकांना छेद देतात, तिथेच तुमच्या विषयाची जागा असते. थांबा आणि विचारा : हे दोघं एकच गोष्ट मोजत होते का?

काळ्या रानातले नमुने

पहिली शंका नमुन्याची. चाऊ आणि काओ यांना उत्तरं देणारे अ‍ॅजाइल व्यावसायिक होते. म्हणजे त्यांच्या कंपनीने अ‍ॅजाइल आधीच स्वीकारलेलं होतं. ज्या कंपनीत ते दाराशीच अडलं, तिथला माणूस या अभ्यासात पोचणारच नाही.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घ्या. जमिनीच्या प्रकाराचा कापसाच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, हे तुम्हाला शोधायचंय. तुम्ही मानवत, पाथरी, सेलू फिरलात आणि सगळे नमुने गोदाकाठच्या भारी काळ्या रानातले घेतले. गणित केलंत तर निकाल येईल की जमिनीच्या प्रकाराचा फारसा परिणाम नाही, पेरणीची वेळ आणि खत महत्त्वाचं. गणित चुकलेलं नसेल. पण नमुन्यात जमीन बदललीच नाही, तर तिचा परिणाम दिसणार कसा? माळरानावरचा शेतकरी तुमच्या यादीत नव्हताच. संस्कृतीचा परिणाम २००८ च्या अभ्यासात दिसला नाही, याचा एक अर्थ ‘परिणाम नाही’ असा होतो आणि दुसरा ‘नमुन्यात संस्कृतीचा फरकच कमी होता’ असा. पेपर वाचताना हे दोन्ही अर्थ डोक्यात ठेवा.

याच पेपरातून आणखी एक धडा घ्या. पाच टक्क्यांची पातळी धरून अठ्ठेचाळीस गृहीतकं तपासली, तर कशातच काही तथ्य नसतानाही दोन-तीन गृहीतकं निव्वळ योगायोगाने टिकतात. इथे दहा टिकली आहेत, म्हणजे सगळा योगायोग नक्कीच नाही. पण दहांपैकी नेमकी कोणती योगायोगाची, हे त्या एका अभ्यासातून कळत नाही. म्हणून गृहीतकांची संख्या फुगवू नका. गाईडला यादी लांबलचक बघून बरं वाटेल, निकाल मात्र पातळ होतो.

कारण आणि परिणाम यांची गाठ

दुसरी शंका २००९ च्या पेपरावर. यशाशी जोडलेल्या नऊ घटकांत ग्राहकाचं समाधान आहे. आता यश म्हणजे काय? ग्राहकाच्या गरजा, बदललेल्या गरजासुद्धा, भागवता येणं. मग ग्राहकाचं समाधान हे यशाचं कारण झालं की यशच दुसऱ्या नावाने पुन्हा मोजलं? लेखकांच्या मांडणीत संघाचं लक्ष ग्राहकावर किती आहे, असा अर्थ घेता येतो, हे मान्य. तरी उत्तर देणारा माणूस प्रोजेक्ट संपल्यावर मागे वळून बघतोय. प्रोजेक्ट चांगलं झालं असेल तर त्याला ग्राहकही समाधानी आठवतो, मॅनेजरही समजूतदार आठवतो आणि कंपनीचं वातावरणही मोकळं आठवतं.

ही अडचण एका पेपरापुरती नाही. संस्कृतीबद्दल विचारलं एकालाच, यशाबद्दलही विचारलं त्यालाच, तेही एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर. अशा वेळी सहसंबंध निघतो, पण तो कंपनीतला आहे की उत्तर देणाऱ्याच्या मनातला, हे कळायला मार्ग नसतो. मित्रांना पाठवलेल्या गूगल फॉर्मचा खरा धोका हाच आहे. दोनशेच्या जागी दोन हजार उत्तरं आणलीत तरी तो कमी होत नाही.

उपाय अवघड नाही, कष्टाचा आहे. संस्कृतीबद्दल एकाला विचारा, यश दुसरीकडून मोजा. रिलीज ठरल्या तारखेला गेली का, गेल्यावर किती दोष सापडले, ग्राहकाने पुढचं काम दिलं का, या गोष्टी आठवणीवर अवलंबून नसतात.

वापर वेगळा, यश वेगळं

तिसरी गोष्ट शब्दांची. २००९ मध्येच स्ट्रोड, हफ आणि ट्रेट्याकोव्ह यांनी नऊ प्रोजेक्टांचा सखोल अभ्यास मांडला. संस्कृतीचे काही ठरावीक घटक आणि अ‍ॅजाइलचा परिणामकारक वापर यांत संबंध दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष. ‘वापर’ हा शब्द अधोरेखित करा. संघ अ‍ॅजाइल नीट वापरतो आणि संघाचं प्रोजेक्ट यशस्वी होतं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मधे बाजार आहे, ग्राहकाचं बजेट आहे, मूळ कल्पनाच बरोबर होती का हा प्रश्न आहे. अ‍ॅजाइल पद्धतशीर पाळून, कुणालाच नको असलेलं अ‍ॅप वेळेत बांधता येतं.

आणखी मागे जा. २००७ मध्ये ईवारी आणि हाउसमन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विकासाच्या शिस्तबद्ध पद्धती प्रोग्रामरकडून कुठे वापरल्या जातात, तर उतरंडीची, नियम आणि सुरक्षितता मानणारी संस्कृती असते तिथे, असं दिसलं. म्हणजे उतरंड ही सरसकट शत्रू नाही. जुन्या पद्धतींना ती पोषकही होती. ‘उतरंड वाईट, मोकळेपणा चांगला’ हे नीतीचं वाक्य झालं. संशोधनाचं वाक्य ‘कोणती संस्कृती, कोणत्या पद्धतीला, कशासाठी’ असं असतं.

मग दोष कुणाच्या माथी?

इथपर्यंत हे सगळं पद्धतीशास्त्र वाटेल. पण यात आपल्या माणसांचं काहीतरी पणाला लागलेलं आहे, म्हणून हा लेख लिहितोय.

मार्टिन फाउलर हे त्या सतरांपैकी एक. बंगळूरच्या विकास केंद्रासोबत अ‍ॅजाइल पद्धतीने काम करताना आलेले अनुभव त्यांनी २००० च्या दशकात लिहिले. लेख प्रामाणिक आणि वाचनीय आहे. त्यात एक मुद्दा असा की वरिष्ठांपुढे मान तुकवण्याची आशियाई सवय अ‍ॅजाइलला अडथळा ठरते आणि ती मोडायला वेळ लागतो. हे निरीक्षण खोटं म्हणता येणार नाही. आपण वर्गात सरांना किती वेळा प्रश्न विचारतो, ते आठवलं तर पटेलच.

पुढे काय होतं, तर या निरीक्षणाला आकड्याचा आधार जोडला जातो. हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून देशांच्या संस्कृतीचे निर्देशांक काढले. ‘सत्तेचं अंतर’ या निर्देशांकात भारत ७७, अमेरिका ४०. झालं, भारतीय माणूस साहेबापुढे बोलत नाही हे ‘सिद्ध’ झालं. मॅकस्विनी यांनी २००२ मध्ये या सगळ्या डोलाऱ्यावर कडक टीका केली : एका कंपनीतल्या माणसांवरून अख्खा देश कसा ओळखणार? खुद्द हॉफस्टेडही बजावत होते की देशाची सरासरी एका माणसाला चिकटवू नका. आणि साधा हिशोब करा. हिंजवडीत एकाच मजल्यावर दोन टीम आहेत, एकीचं अ‍ॅजाइल चालतं, दुसरीचं नाही. दोन्हीकडे देश भारत, आकडा ७७. जो आकडा दोघींना सारखाच आहे, तो दोघींमधला फरक कसा सांगणार?

आता समजा, जिंतूर तालुक्यातली एक मुलगी पुण्यात कंपनीत लागली. स्टँडअपमध्ये ती तीन वाक्यांच्या वर बोलत नाही. तिच्या अप्रेजलमध्ये शेरा येतो : पुढाकार कमी, संवाद कौशल्य सुधारावं. ‘लहान गावातून आलीये, संस्कृतीचा प्रश्न आहे,’ असं तिच्या माघारी म्हटलं जातं. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण हसत हसत म्हणतो, पण अशा शेऱ्यात परभणीची ओळख एका उणिवेएवढीच उरते.

संशोधकाने इथे वेगळं विचारलं पाहिजे. या मुलीने पहिल्या महिन्यात ‘माझं काम अडलंय’ असं सांगितलं, तेव्हा काय झालं? कुणी मदतीला बसलं, की अप्रेजलच्या वेळी ते वाक्य तिच्या नावावर लागलं? टीमला क्रमवारी लावून कुणाला तरी खालच्या पायरीवर बसवायचंच, असा नियम तिथे आहे का? ग्राहकाशी केलेला करार ठरलेल्या रकमेचा आणि ठरलेल्या कामाचा आहे का? तसा असेल तर ‘बदलाला सामोरं जा’ हे भिंतीवरचं पोस्टर झालं, कारण प्रत्येक बदलाचा खर्च कुणाच्या तरी टीमवर पडणार. अशा ठिकाणी गप्प बसणं हा स्वभावदोष ठरत नाही. परिस्थिती नीट ओळखून काढलेला तो हिशोब असतो.

संघटनांच्या संस्कृतीवर मूलभूत काम करणारे एडगर शाईन यांनी १९८५ च्या पुस्तकात संस्कृतीचे तीन थर सांगितले. वर दिसतात त्या वस्तू आणि रिवाज. त्याखाली तोंडाने सांगितली जाणारी मूल्यं. सगळ्यांत खाली, कुणी न बोलता सगळे धरून चालतात ती गृहीतकं. स्टँडअप वरच्या थरात, ‘आमच्याकडे मोकळं वातावरण आहे’ मधल्या थरात, ‘वाईट बातमी शुक्रवारपर्यंत दाबून ठेवायची’ हे तळाच्या थरात. प्रश्नावली बहुतेक वेळा मधल्या थरापर्यंत पोचते. मुलीला गप्प करतो तो तळाचा थर.

निरोप्याचं काय होतं?

तळाचा थर मोजायचा कसा? इथे मला रॉन वेस्ट्रम यांचं काम उपयोगी वाटतं. विमानवाहतूक आणि आरोग्यसेवेतल्या सुरक्षिततेचा विचार करताना त्यांनी संस्थांचे तीन प्रकार केले. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात नीट मांडलेले आहेत. त्यांचा भर माहिती कशी वाहते यावर आहे. वाईट बातमी आणणाऱ्या निरोप्याचं काय होतं? एका प्रकारात त्याला झोडपतात, दुसऱ्यात त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, तिसऱ्यात निरोप आणायला शिकवतात. हा प्रश्न ठोस आहे. ‘तुमची संस्कृती मोकळी आहे का’ याला चार गुण देता येतात. ‘गेल्या वेळी तारीख चुकणार हे सर्वांत आधी कुणी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं’ याला गुण देता येत नाहीत, घडलेलं सांगावं लागतं.

फॉर्सग्रेन, हम्बल आणि किम यांनी २०१८ च्या पुस्तकात वेस्ट्रमची ही विभागणी सॉफ्टवेअर टीमना लावली आणि तिचा कामगिरीशी संबंध दाखवला. त्यांचाही आधार प्रश्नावलीच, म्हणून वरच्या शंका इथेही लागू आहेत. पण त्यांच्या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट आहे : सॉफ्टवेअर लहान तुकड्यांत, आपोआप तपासून, वारंवार देण्याच्या सवयींचा संस्कृतीवर परिणाम होतो. बाण उलटाही जातो. संस्कृती बदलली म्हणून काम बदललं असं नेहमी नसतं, कामाची पद्धत बदलली म्हणून संस्कृती बदलली असंही घडतं.

याचं सॉफ्टवेअरबाहेरचं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा मोटार कारखाना. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला आणि कामगार बहुतांशी जुनेच घेतले. फरक काय केला? दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची आणि दोरी ओढली की मदतीला माणूस यायचा, वेळ पडली तर लाइन थांबायची. तीच माणसं, तेच गाव, पण दर्जा सुधारला. तिथे काम केलेले जॉन शूक यांनी २०१० च्या लेखात सांगितलं की आधी लोकांची मनं बदलायच्या मागे लागू नका, त्यांनी काय करायचं ते बदला, मन मागून येतं. अ‍ॅजाइलच्या मुळांपैकी एक मूळ टोयोटाच्या याच पद्धतीत आहे.

जिंतूरच्या मुलीला हे लावून बघा. तिला ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ या कार्यशाळेला पाठवणं हा एक मार्ग. तिने दोरी ओढली की दहा मिनिटांत कुणीतरी शेजारी येऊन बसेल, ही व्यवस्था लावणं हा दुसरा.

परभणीत बसून काय करता येईल?

‘आपल्याकडे आयटी पार्क नाही, मग असला विषय कसा घेणार?’ असं म्हणाल. दोन वाटा सुचवतो.

पहिली वाट घरी आलेल्या माणसांची. आपल्या जिल्ह्यातून पुण्याला, हैदराबादला गेलेले इंजिनिअर दिवाळीला, लग्नसराईला गावी येतातच. त्यांना फॉर्म पाठवू नका, समोर बसून बोला, आणि मराठीत बोला. इंग्रजी फॉर्मवर ‘ओपन कल्चर’पुढे पाचपैकी चार गुण देणारा माणूस चहा पिताना म्हणतो, ‘सांगून उपयोग नसतो ओ.’ हे दुसरं वाक्य तुमची खरी सामग्री आहे. एका कंपनीतल्या एकाच प्रोजेक्टबद्दल वरच्या आणि खालच्या पदावरच्या दोघांना वेगवेगळं विचारता आलं, तर सोन्याहून पिवळं. नावं आणि कंपन्या झाकून ठेवा, परवानगी लेखी घ्या.

दुसरी वाट कंपनीच्या बाहेरची, पण प्रश्न तोच. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर न्यायची. २०२२ च्या खरिपात अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय झाली, शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरून तलाठ्यांनी १० टक्के तपासायची असं ठरलं, फोटो काढताना गटाच्या मध्यापासून आपण किती लांब आहोत हे दिसू लागलं. म्हणजे वापरणाऱ्याकडून काहीतरी वर गेलं आणि बदल होऊन खाली आला. हे अ‍ॅप कुठल्या पद्धतीने बांधलं, हा तुमचा मुद्दा नाही. मुद्दा असा : पालम किंवा सोनपेठच्या शेतातली एक तक्रार तलाठी, तहसील, जिल्हा करत पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयापर्यंत पोचते का? पोचायला किती दिवस लागतात? वाटेत कोण ती गाळतं आणि का? ‘हे अ‍ॅप आमच्या गावात चालत नाही’ असं सांगणाऱ्या तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, काय होतं?

वेस्ट्रमचा निरोप्या इथे सायकलवर नाही, बांधावर उभा आहे. परिपत्रकं संकेतस्थळांवर आहेत, नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, आणि माणसं तुमच्या तालुक्यातच आहेत. एका हंगामाची, वीस-पंचवीस तक्रारींची नीट नोंद ठेवलीत, तर ‘संस्कृती’ हा शब्द न वापरताही तुम्ही संस्कृतीबद्दल ठोस काही सांगू शकाल.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

चार गोष्टी तपासून घ्या. संस्कृती म्हणजे तुम्ही नेमकं काय बघणार, ते एका वाक्यात लिहिता येतं का? यश तुम्ही संस्कृतीपेक्षा वेगळ्या माणसाकडून किंवा वेगळ्या कागदावरून मोजताय का? नमुन्यात फसलेले प्रोजेक्ट आहेत का, की फक्त काळं रानच? आणि चौथी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : कोणता निकाल आला तर ‘माझं गृहीतक चुकलं’ असं तुम्ही म्हणाल? याचं उत्तर देता येत नसेल, तर विषय अजून पिकलेला नाही.

गाईडसमोर हे प्रश्न काढायला संकोच वाटेल. ‘सर म्हणतील तसं’ ही आपल्या संशोधन केंद्रांतली तळाच्या थरातली गोष्ट आहे, तीही लक्षात घ्या. पण आधी लेखी काढा, दोन पेपरांचे निकाल एका पानावर समोरासमोर मांडा आणि मग विचारा. पानावर मांडलेल्या प्रश्नाला गाईडही सहसा पानावरच उत्तर देतात, आणि चर्चा तुमच्या हिमतीवरून विषयावर येते.